फुटबॉलचा जमाखर्च

मुलाला कशात तरी घालायचं, हे आमच्याकडे तो पाळण्यात असतानाच ठरलं होतं. कशात, एवढंच ठरायचं होतं. 'घालणे' हे क्रियापद मराठी आईबापांनी फार जिवापाड जपलेलं आहे. आपल्याकडे मूल तबला शिकत नाही. त्याला तबल्याला 'घालतात'. पोहायला घालतात, शिबिरात घालतात, इंग्रजीत घालतात. कैरीच्या फोडी बरणीत घालाव्यात तसं. वरून फडकं बांधायचं आणि मुरायची वाट बघत बसायचं. मुरलं तर आपल्या हाताला चव, नासलं तर कैरीच वाईट होती!

आमच्या चिरंजीवांना आम्ही प्रथम तबल्याला घातलं. दोन महिन्यांनी गुरुजींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मुलाला लय आहे, नाही असं नाही. पण ती कमरेच्या खाली आहे." हात डग्ग्यावर आणि पाय शेजारच्या मुलाच्या पाण्याच्या बाटलीवर, अशी त्याची बैठक होती म्हणे. मग बुद्धिबळाला घातलं. तिथे त्याला घोडा तेवढा आवडला, कारण तो उडी मारतो. शेवटी एक दिवस तळमजल्यावरच्या काकू फुटलेली कोरफडीची कुंडी हातात घेऊन वर आल्या आणि म्हणाल्या, "अहो, ह्याला कुठेतरी घाला हो!" कुंडी पाहिल्यावर कुठे घालायचं ते आम्हाला कळलं.

घरापासून दहा मिनिटांवर एक मैदान आहे. तिथे एक निवृत्त सर संध्याकाळी मुलांना फुटबॉल शिकवतात. महिना पाचशे रुपये. पावती मागितली तर सर दुखावतात. साहित्य म्हणजे सहा चेंडू, एक शिट्टी आणि गोलपोस्ट म्हणून चार विटा. त्यातली एक विट अर्धी आहे, त्यामुळे त्या बाजूचा गोल वादग्रस्त ठरतो. वर्षभर चिरंजीव तिथे रोज धुळीनं माखून येत होते आणि आंघोळीपासून झोपेपर्यंत आजच्या खेळाचं वर्णन ऐकवत होते. सगळं सुरळीत चाललं होतं. आणि सुरळीत चाललेलं मध्यमवर्गीय माणसाला फार दिवस बघवत नाही.

एके संध्याकाळी मैदानाच्या कडेला टोपी घातलेले एक गृहस्थ उभे राहिले. त्यांनी चिरंजिवांचा खेळ पाहिला आणि मला एक कार्ड दिलं. ते शहरातल्या एका मोठ्या फुटबॉल क्लबाचे होते. पुढच्या रविवारी चाचणी झाली, त्याच्या पुढच्या बुधवारी निवड झाल्याचं कळलं आणि शनिवारी पालकसभेचं बोलावणं आलं. उत्तर द्यायला आठ दिवसांची मुदत होती. माझं लग्नसुद्धा ह्यापेक्षा सावकाश ठरलं होतं.

पालकसभा वातानुकूलित होती. पडद्यावर एक बाण होता. तो खाली डाव्या कोपऱ्यात आमच्या मुलांपासून निघून वर उजव्या कोपऱ्यात एका ढगात शिरत होता. ढगात काय आहे ते लिहिलेलं नव्हतं. बाणाच्या बुडाशी मात्र फी लिहिलेली होती. वर्षाला 60,000 रुपये. गणवेश दोन, तो वेगळा. बूट वेगळे. बाहेरगावच्या स्पर्धा वेगळ्या. प्रमुख प्रशिक्षक फार छान बोलले. म्हणाले, "बारा वर्षांखाली आम्ही जिंकण्याहरण्याकडे अजिबात बघत नाही." ते हे सांगत होते तेव्हा त्यांच्या मागे काचेच्या कपाटात चषक इतके दाटीनं उभे होते की एक बाहेर काढला असता तर चार खाली पडले असते.

निघताना नऊ पानी फॉर्म मिळाला. आता बघा, 14 डिसेंबर 2000 रोजी बार्सिलोना क्लबाच्या कार्लेस रेशाक ह्या गृहस्थांनी तेरा वर्षांच्या मेसीला घेण्याचं वचन एका कागदी रुमालावर लिहून दिलं होतं. तो रुमाल 2024 साली लिलावात 7,62,400 पौंडांना विकला गेला. मेसीला एक रुमाल पुरला आणि आमच्या चिरंजीवांना नऊ पानं! त्यात सातव्या पानावर 'पालकांची क्रीडा पार्श्वभूमी' असा रकाना होता. मी शाळेत लंगडी-पळतीत राखीव होतो. रकाना कोरा सोडला.

मी पडलो बँकेतला माणूस. संकट आलं की मी वही काढतो. दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागचं पान उघडलं, मधोमध रेघ मारली, डावीकडे 'जमा' लिहिलं, उजवीकडे 'नावे'. जमेला पहिल्या झटक्यात सहा नोंदी झाल्या. खरं गवताचं मैदान. शिकलेले, परवानाधारक प्रशिक्षक. शिस्त. मोबाइलपासून दोन तास सुटका. चांगल्या पोरांशी गाठ. दहावीला खेळाडूंना मिळणारे सवलतीचे गुण. ही शेवटची नोंद मी लहान अक्षरात केली, कारण मुलगा पाचवीत होता आणि आपण इतके दूरदर्शी आहोत हे वहीलाही कळू नये असं वाटलं.

नावे बाजूला फी लिहिली आणि पुढे सुचेना. म्हणून घरातल्यांना विचारलं. इथेच चुकलो.

आई म्हणाली, "तो चेंडू डोक्यानं मारतात ना रे?"

"मारतात."

"ह्याच डोक्यानं त्याला स्कॉलरशिपला बसायचंय!"

आईची शंका मी हसण्यावारी नेली. रात्री सहज वाचायला बसलो तर काय! अमेरिकेत 2015 सालीच दहा वर्षांच्या आणि त्याहून लहान मुलांना डोक्यानं चेंडू मारायला बंदी घालायचं ठरलं होतं आणि इंग्लंडनं 2020 मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या सरावातून ते काढून टाकलं होतं. म्हणजे अमेरिका आणि इंग्लंड माझ्या आईच्या मताला उशिरा का होईना, पण आले होते. सकाळी हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांच्याकडेही स्कॉलरशिप असेल."

नानांना बुटांची किंमत ऐकून धक्का बसला. "1948 साली लंडनच्या ऑलिंपिकला आपली पोरं बहुतेक सगळी अनवाणी खेळली! फ्रान्सला घाम फोडला!" मी हळूच म्हटलं, "नाना, पण दोन-एकनं हरलो. दोन पेनल्टी हुकल्या." नाना गडगडले, "ते पायाचं काम, बुटाचं नव्हे! आणि 1956 ला मेलबर्नला? नेव्हिल डिसूझा! मूळचा गोव्याचा, मुंबईत खेळणारा. ऑस्ट्रेलियाला एकट्यानं तीन गोल मारले. चार-दोन! आपण चौथे आलो चौथे! तेव्हा कुठे होता तुमचा तो बाण?" नानांनी फुटबॉल आयुष्यात फक्त वर्तमानपत्रात पाहिला आहे. त्यामुळे त्यांच्या मताला अनुभवाचा अडथळा नसतो.

आता हिच्याबद्दल. हिचं माहेर कोल्हापूरचं, शिवाजी पेठेतलं. उरलेल्या महाराष्ट्राला कोल्हापूर म्हटलं की तांबडा-पांढरा रस्सा आणि कुस्ती आठवते. पण फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की त्या गावात तिसरा रंग चढतो. मुळातल्या कुस्तीच्या तालमी, त्यांचेच पुढे फुटबॉलचे संघ झाले. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावं ऐकून बाहेरच्याला आखाडा आठवतो. गावाला सेंटर फॉरवर्ड आठवतो. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठेतल्या पेठेत सोयरीकसुद्धा चार दिवस पुढे ढकलतात. 2017 साली सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा भारताच्या संघात अनिकेत जाधव हा कोल्हापूरचा मुलगा होता. त्या महिन्यात ही माझ्याशी काहीशा वरच्या पट्टीत बोलत असे.

मला ऑफसाइड कळत नाही हे लग्नानंतर पंधरा वर्षांनी हिला कळलं. त्या दिवशी जेवणाच्या ताटावर तिनं मला शिकवलं. दोन वाट्या म्हणजे बचाव करणारे, मीठदाणी गोलकीपर, मिरची म्हणजे आपला फॉरवर्ड आणि लिंबाची फोड चेंडू. "पास निघाला त्या क्षणी मिरची ह्या शेवटून दुसऱ्या माणसाच्या पुढे असली, लिंबाच्याही पुढे असली, आणि मग ती खेळात पडली, तर ऑफसाइड. आपल्या अर्ध्यात असेल तर नाही. थ्रो-इनवर नाही, कॉर्नरवर नाही. कळलं?" मी "हो" म्हणालो आणि लिंबू पिळलं. चेंडू संपल्यामुळे शिकवणी थांबली.

अशा बाईला क्लबाचं कौतुक वाटेल, असं मी धरून चाललो होतो. तिनं वही ओढून घेतली आणि नावे बाजूला लिहिलं: 'जन्मतारीख'.

"ही कसली नोंद?"

"अहो, गट वर्षाप्रमाणे पाडतात. 1 जानेवारी ते 31 डिसेंबर. आपला कधीचा?"

आपला 28 डिसेंबरचा. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चाचणीच्या दिवशी रांगेत ह्याच्या पुढे उभा असलेला मुलगा मला त्याचा काका वाटला होता. तो त्याच वर्षाचा, पण जानेवारीतला होता. दहाव्या वर्षी अकरा महिने म्हणजे चार बोटं उंची आणि एक दात. कॅनडात रॉजर बार्न्सली ह्या मानसशास्त्रज्ञानं 1985 साली आइस हॉकीपटूंच्या जन्मतारखा मांडून दाखवलं की वरच्या संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांचीच गर्दी असते. पुढे फुटबॉलमध्येही तेच दिसलं. जो थोडा मोठा, तो थोडा बरा दिसतो. बरा दिसतो म्हणून त्याला जास्त खेळवतात. जास्त खेळतो म्हणून तो खरंच बरा होतो. व्याजावर व्याज! हे मला बँकेत वीस वर्षं काढून कळायला हवं होतं.

"डॉक्टरांनी 3 जानेवारी सांगितली होती," ही म्हणाली. "घाई तुमच्या घराण्याची."

पूर्वी हा प्रश्न नव्हता. नानांच्या वर्गात निम्म्या मुलांचा जन्म 1 जूनचा होता. शाळेत नाव घालताना हेडमास्तर विचारून दमत आणि तीच तारीख ठोकून देत. आता वयचोरी पकडायला मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात. मनगटाला कोण सांगणार, 1 जून लिही म्हणून!

मुदतीच्या चौथ्या दिवशी कोल्हापूरहून मेहुणा आला. हा पेठेच्या संघातून डावीकडून खेळायचा. उजवा गुडघा शाहू स्टेडियमवर ठेवून आला तो कायमचा. आता स्पेअर पार्टचं दुकान चालवतो. पायऱ्या चढताना एकेक पायरी मोजत आला. माहितीपत्रक त्यानं शेवटपर्यंत वाचलं, बाण डोळ्याजवळ नेऊन पाहिला आणि म्हणाला, "दाजी, पोराला खेळायला घालायलाय का इंजिनिअरिंगला?"

मला वाटलं, संपलं, हा क्लबाच्या विरुद्ध. मी पेन काढलं. तर हा गडी गुडघा चोळत म्हणतो, "पर एक लिवा जमेला. आमच्यात फी नव्हती, मैदान आमचं, पब्लिक आमचं. सगळं खरं. पर गुडघा गेला तवा बघणारं कोण नव्हतं. हळद लावली, पट्टी बांधली आणि रविवारी परत उतरलो. पब्लिक वरडतंय म्हणल्यावर कोण बसतंय? तिथं निदान एखादा शाना माणूस 'बस खाली' तरी म्हणेल. ते लई मोठं असतंय."

ही आत भांडी लावत होती. भांड्यांचा आवाज थांबला. तेव्हा मला कळलं की 'जन्मतारीख' ही हिची खरी नोंद नव्हतीच. खरी नोंद समोर सोफ्यावर पाय लांब करून बसली होती.

रविवारी क्लबानं नव्या मुलांसाठी सरावाचा सामना ठेवला. आम्ही सगळे गेलो. मैदान खरोखर हिरवं होतं. आमच्या मैदानावर गवत उगवायला धजावत नाही. प्रशिक्षक मुलांवर ओरडत नव्हते, हेही मी प्रामाणिकपणे जमेला लिहितो. ओरडत होतो आम्ही. माझ्या शेजारचे एक सद्‌गृहस्थ मुलाला 'पास, पास' आणि 'मार, मार' हे दोन्ही एकाच दमात सांगत होते. मलाही नंतर घसा बसल्याचं जाणवलं. मी काय ओरडलो ते आठवत नाही, पण मेहुणा म्हणाला, "दाजी, तुम्ही 'धाव काढ, धाव काढ' म्हणत होता."

चिरंजीव बाकावर होते. आखूड मोज्यांतले पाय जमिनीला टेकत नव्हते. पन्नास मिनिटांच्या खेळात त्याला शेवटची सहा मिळाली. त्यात एकदा चेंडू पायाशी आला, तो जानेवारीतल्या मुलानं काढून नेला. परत येताना गाडीत तो काहीच बोलला नाही. आंघोळ झाली, जेवण झालं, तरी नाही. विचारलं तर "छान होतं," म्हणाला. वर्षभर ज्या घरात रोज रात्री अर्ध्या विटेच्या गोलावरून कीर्तन चालायचं, तिथे दोन शब्द. मी वही उघडून हे कुठे लिहावं ते पाहत बसलो.

त्या रात्री मी आणखी वाचलं. अमेरिकेत 2014 च्या सुमारास संशोधकांनी फुटबॉल खेळणाऱ्या मुलांनाच विचारलं होतं, की तुम्हाला खेळात मजा कशानं येते? 81 कारणं निघाली. जीव तोडून खेळणं, संघातली दोस्ती, नीट वागवणारा प्रशिक्षक ही वरच्या पायरीवर. आणि 'जिंकणं' 48 वं. मी दोनदा वाचलं. मग एकदम लक्षात आलं, की अमेरिकेतल्या माणसांनी निदान मुलांना विचारलं तरी! आम्ही आईला विचारलं, नानांना विचारलं, कोल्हापूरहून माणूस आणवून विचारलं. ज्याला घालायचा होता त्याला विचारायचं राहूनच गेलं होतं. कैरीला कोण विचारतं?

सकाळी दूध पिताना विचारलं. "तुला काय वाटतं रे, त्या क्लबात जावंसं?"

त्यानं पेला खाली ठेवला. ओठांवर पांढरी मिशी. "तिथे माझा गोलकीपर असेल?"

त्याचा गोलकीपर म्हणजे आमच्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याचा मुलगा. हा पुढे खेळतो, तो विटांमध्ये उभा राहतो आणि अडवलेला चेंडू नेमका ह्याच्याकडे फेकतो. दोघांची वर्षभराची जोडी. 60,000 हा आकडा त्या घरी कुणी विचारायलाही जाणार नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "पण दुसरे चांगले गोलकीपर असतील."

"हां," तो म्हणाला. मग थोडा विचार करून, "पण बाबा, ते क्लबवाले चांगलं शिकवतात. त्या सरांनी मला डाव्या पायानं कसं मारायचं ते सांगितलं. सहा मिनिटांत." आणि दूध संपवून शाळेला गेला.

आता ह्याचा अर्थ काय घ्यायचा? पुस्तकात असा मुलगा 'मला नाही जायचं' म्हणतो आणि धडा संपतो. आमच्यानं दोन्ही बाजूंना एकेक नोंद करून ठेवली. बापाचाच मुलगा!

शेवटी आठव्या दिवशी ही म्हणाली, "एक वर्ष थांबू या. पुढच्या वर्षी उंची वाढेल. डावा पाय त्याचा मामा शिकवेल. आणि इथे रोज तासभर खेळतो तरी! बाकावर बसायला घरात सोफा आहे." मी क्लबाला फोन केला. ते अत्यंत सभ्यपणे म्हणाले, "हरकत नाही, पण पुढच्या वर्षी जागेची खात्री देता येणार नाही." फोन ठेवल्यावर माझ्या पोटात खड्डा पडला, तो अजून पूर्ण बुजलेला नाही. आणखी दहा वर्षांनी हाच मुलगा समोर उभा राहून विचारेल, "बाबा, तेव्हा मला का नाही घातलंत?" तेव्हा त्याला दाखवायला म्हणून मी ती वही जपून ठेवली आहे. अर्थात, घातलं असतं तर "का घातलंत?" म्हणून विचारलं असतं. वही दोन्हीकडून उपयोगी आहे.

मेहुणा दर महिन्याला एक रविवार येतो. सरांनी त्याला खुर्ची दिली आहे. तो बसल्या जागेवरून चिरंजिवांचा डावा पाय आणि इस्त्रीवाल्याच्या मुलाच्या उड्या सुधारतो आणि कुणी लंगडताना दिसला की सगळं मैदान ऐकेल असा ओरडतो, "बस खाली!" ती मुलं बसतात. सरसुद्धा एकदा बसले होते.

परवा सरांनी मला लाइन्समन केलं. हातात रुमाल दिला. मी आदल्या रात्री हिच्याकडून वाट्या, मिरची, लिंबू सगळं पुन्हा पक्कं करून गेलो होतो. बरोबर दहाव्या मिनिटाला मिरची, म्हणजे आमचे चिरंजीव, शेवटून दुसऱ्या वाटीच्या पुढे उभे असलेले मला स्पष्ट दिसले. आयुष्यात पहिल्यांदा ऑफसाइड कळला! पोटचा मुलगा असूनही मी रुमाल उंच केला. कुणी थांबेना. चेंडू अर्ध्या विटेच्या बाजूनं आत गेला, पोरं नाचायला लागली.

मी धावत सरांकडे गेलो. ते म्हणाले, "साहेब, लहान पोरांच्यात ऑफसाइड धरत नाही आपण. रुमाल घाम पुसायला दिला होता."